इम्पल इटरेटर परत करून हात झटकणाऱ्यांसाठी

गंजलेला_खिळा

परवा इथल्याच एका धाग्यात कुणीतरी ठणकावून लिहिलं होतं: रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनमधून इटरेटर (एकेक घटक देत जाणारी वस्तू) परत द्यायचा तर डोळे मिटून इम्पल इटरेटर लिहा, म्हणजे 'एक इटरेटर मिळेल, टाइपचं नाव सांगत नाही', रिटर्न टाइपसाठी वेगळं स्ट्रक्ट (स्वतः बांधलेला टाइप) करून त्याला नाव देत बसणं ही रस्ट १.२६ च्या आधीची खोड आहे, आणि आजही जे तसं करतात त्यांना दुसरा उद्योग नसावा. खाली '+१' आणि 'बाडिस' यांची रांग. गप्प बसणार होतो, पण रांग काही थांबेना. म्हणून हा धागा.

स्वतःच्या बायनरीत, खासगी फंक्शनात काय वाट्टेल ते करा. माझं भांडण लायब्ररीच्या पब्लिक फंक्शनांपुरतं आहे. मी पार्सिंगचं एक लहानसं क्रेट (रस्टमधली लायब्ररी) सांभाळतो. वापरणारे मोजके, पण एकेक जण इश्यू टाकण्यात पटाईत.

तुमच्या फंक्शनने दिलेला इटरेटर मला माझ्या स्ट्रक्टमध्ये ठेवायचाय. त्या फील्डचा टाइप काय लिहू? सांगा ना. फील्डमध्ये इम्पल इटरेटर लिहिता येत नाही. म्हणजे माझं स्ट्रक्ट जेनेरिक (आतला टाइप वापरणाऱ्याने ठरवायचं असं) करा, मग ते ज्याच्या पोटात आहे तेही जेनेरिक, असं करत करत थेट मेनपर्यंत. नाहीतर बॉक्स डिन करून, म्हणजे खरा टाइप झाकून, हीपवर (वेगळ्या मेमरीत) टाका. तुमच्या दहा ओळी वाचल्या, त्या माझ्या माथी आल्या.

बरं, आत तुम्ही स्लाइसवर (सलग घटकांवर) साधा मॅप (प्रत्येक घटक बदलून देणारा) लावलाय. तो उलटा फिरू शकतो, त्याची लांबी आधीच माहीत असते. पण सिग्नेचरमध्ये तुम्ही फक्त इटरेटर लिहिलंत, म्हणून मला रेव्ह म्हणता येत नाही आणि लेनही विचारता येत नाही. असलेली गोष्ट लपवून ठेवली. 'आतला टाइप टी क्लोन (प्रत काढण्याजोगा) असेल तरच हा क्लोन' ही अट तर इम्पल ट्रेटमध्ये (ट्रेट म्हणजे टाइपने पाळायचं वचन, इटरेटर हा तसाच एक) लिहिताच येत नाही, स्ट्रक्टवर ती एका ओळीत येते.

स्टँडर्ड लायब्ररी उघडा: कीज, ड्रेन, चार्स, विंडोज, सगळ्यांना नावं आहेत. चार्सवर ॲज-स्ट्र आहे, मध्येच थांबून उरलेला मजकूर मागता येतो. माझं अख्खं पार्सर त्यावर उभं आहे. निनावी टाइपला अशी जास्तीची मेथड चिकटवून दाखवा, मी धागा उडवायला सांगतो.

अनामिक

खिळेसाहेब, '+१' देणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा उत्तर देणं आलं.

उदाहरण तुम्ही सोयीचं घेतलंत. स्लाइसवर एक मॅप! खऱ्या कोडमध्ये फिल्टर असतो, त्यावर फ्लॅट-मॅप, आणि त्याच्या क्लोजरने (जागच्या जागी लिहिलेल्या निनावी फंक्शनने) बाहेरचं कॉन्फिग पकडलेलं असतं. त्या क्लोजरच्या टाइपला लिहिण्याजोगं नावच नाही. मग स्ट्रक्ट करायचं म्हणजे ती सुटसुटीत साखळी मोडायची आणि नेक्स्ट (पुढचा घटक देणारी मेथड) हाताने लिहायचं: आतला इटरेटर ऑप्शनमध्ये ठेवा, तो संपला की बाहेरचा पुढे सरकवा, पुन्हा आत शिरा. हे स्टेट मशीन कंपायलर फुकटात बनवून देतो. क्लोजरने काही पकडलं नसेल तर फंक्शन पॉइंटर करून वेळ मारून नेता येते, पकडलं की खेळ खलास.

आणि हाताने लिहिणारे लिहितात तरी काय? नेक्स्ट, आणि हात धुतात. साइझ-हिंट (किती घटक उरलेत याचा अंदाज) विसरतात. मग डीफॉल्ट उत्तर जातं 'किमान शून्य, कमाल माहीत नाही', आणि कलेक्ट करताना व्हेक्टर पुन्हापुन्हा वाढत बसतो. फोल्ड (सगळे घटक एका दमात फिरवणारी मेथड) विसरतात, म्हणून आत चेन (दोन इटरेटर जोडून केलेला) असेल तर प्रत्येक घटकामागे 'पहिला भाग संपला का' ही तपासणी. ट्रस्टेड-लेन (लांबी नक्की असल्याची हमी) तर लावायचं म्हटलं तरी लावता येत नाही, ते अजून अस्थिर आहे. निनावी टाइपमध्ये मशीन कोड बनताना कंपायलरला आतला खरा मॅप दिसतो, सगळ्या सवलती शाबूत. तुमच्या नावाच्या स्ट्रक्टने त्या काढून घेतल्या. मुलाचं बारसं झालं, वारसा गेला.

राहिला मुद्दा भविष्याचा. आज इम्पल इटरेटर दिलं तर उद्या त्याजागी नावाचं स्ट्रक्ट ठेवता येतं आणि जवळपास कुणाचंच काही मोडत नाही, कारण तो टाइप कुणी कुठे लिहून ठेवूच शकलं नव्हतं. डबल-एंडेडचं (उलटंही फिरण्याचं) वचन नंतर वाढवायचंय? खुशाल वाढवा. आता उलटं करा बघू. पब्लिक स्ट्रक्ट काढून इम्पल केलंत की मेजर व्हर्जन. ज्या बाजूने माघार घेता येते तीच आधी निवडावी, एवढं साधं आहे.

गंजलेला_खिळा

"उद्या नाव देता येतं." हा उद्या उजाडतो कधी? एका क्रेटच्या मेंटेनरकडे मी हीच मागणी घेऊन गेलो. उत्तर आलं, टाइप अलायस इम्पल ट्रेट (इम्पलला नाव देण्याची सोय) स्टेबल झालं की करू. त्याचा आरएफसी (प्रस्ताव) २०१७ चा. अजून नाइटलीतच (प्रायोगिक आवृत्तीतच) लोळतंय. तोवर माझ्या स्ट्रक्टमध्ये बॉक्स.

आणि साइझ-हिंट विसरणारे विसरतात, त्याचं खापर नावावर का? आतल्या इटरेटरकडे नुसतं सोपवायचं असतं.

अनामिक

मग तुमच्या क्रेटमध्ये ते सोपवलंय का? आत्ताच बघून आलो. लाइन्स-विथ-स्पॅन या इटरेटरवर नेक्स्ट आहे. साइझ-हिंट दिसलं नाही.

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बॉरो_चेकरची_सून

मला कुणाची बाजू घ्यायची नाही, मला फक्त रडायचंय.

आमच्या ऑफिसातल्या एका क्रेटची एडिशन (भाषेच्या नियमांची आवृत्ती) कुणीतरी २०२१ वरून २०२४ केली. म्हणजे कार्गोच्या (रस्टच्या बिल्ड टूलच्या) फायलीतला आकडा बदलला, बस. कार्गो फिक्स, म्हणजे जुना कोड नव्या एडिशनला जुळवून देणारी कमांड, चालवलंच नाही. (ज्याने केलं तो नोटीस पीरियडवर आहे, कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसतो.) त्या क्रेटमध्ये एक फंक्शन आहे: स्ट्रिंगचा रेफरन्स घेतं, त्यातले आकडे वेचून व्हेक्टरमध्ये भरतं आणि इंटू-इटर (व्हेक्टरचाच इटरेटर) परत देतं. रिटर्न टाइप इम्पल इटरेटर. उधारीचा (रेफरन्स धरून ठेवण्याचा) काडीचा संबंध नाही. २०२१ मध्ये इम्पलजवळ लाइफटाइम (उधारी कुठवर टिकते ते) लिहिला नाही तर तो पकडला जात नसे. २०२४ मध्ये न लिहिताही सगळे पकडले जातात. झालं. ज्या चार सर्व्हिसेस ती स्ट्रिंग लगेच ड्रॉप करत होत्या, त्या सगळ्या लाल. 'अजून उधार आहे.' अहो, कुणी घेतली उधारी?

यूज लिहून पुढे रिकामे कोनी कंस टाकले ('काही पकडू नको') की सुटतं, १.८२ पासून ती सोय आहे. पण ज्या फंक्शनच्या पॅरामीटरमध्येही कुणीतरी हौसेने इम्पल लिहून ठेवलंय, तिथे यूज चालत नाही. आधी त्या पॅरामीटरला रीतसर जेनेरिक नाव द्या, मग या. पॅरामीटरमध्ये इम्पल लिहिणाऱ्यांसाठी वेगळा नरक असावा.

गंजलेला_खिळा

सूनबाई, रडू नका, तुम्ही माझीच केस लढताय. तिथे सरळ व्हेक्टरचं इंटू-इटर, यू-३२ चं, असं लिहिलं असतं तर? त्या नावात लाइफटाइम नाही म्हणजे उधारी नाही. एडिशन कुठलीही असो.

अनामिक

आणि उद्या व्हेक्टरऐवजी हॅशसेट वापरायचा ठरला तर त्या चार सर्व्हिसेसना काय सांगणार होतात? शिवाय २०२१ मध्ये हेच लोक उलटं रडत होते, 'हिडन टाइप लाइफटाइम पकडतोय' म्हणून, आणि दर सिग्नेचरच्या शेपटीला अपॉस्ट्रॉफी-अंडरस्कोर चिकटवत होते. २०२४ चा नियम बहुतेकांच्या सोयीचा आहे. कार्गो फिक्स न चालवणाऱ्याची जबाबदारी भाषेवर टाकू नका.

बॉरो_चेकरची_सून

मी भाषेवर टाकलीच नाहीये, मी नोटीस पीरियडवाल्यावर टाकलीये. वाचून प्रतिसाद देत चला.

सीप्लसप्लस_पीडित

आमच्याकडे ऑटो रिटर्न टाइप (कंपायलरनेच ओळखायचा) २०१४ पासून आहे. अख्खी बॉडी वाचल्याशिवाय काय परत येतंय ते कळत नाही, आणि चूक झाली की एरर तीन फायली पलीकडे फुटते. तुमचं इम्पल निदान वचन तरी देतं. इतक्या चांगल्या गोष्टीवर भांडताय, मजा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. फंक्शनच्या आत आर्कचं (अनेक थ्रेडांत वाटता येणारा पॉइंटर) आरसी (एकाच थ्रेडपुरता) केलं, सिग्नेचरचं अक्षरही हललं नाही, आणि वापरणाऱ्याचा थ्रेड स्पॉन कंपाइल होईना. सेंड (दुसऱ्या थ्रेडला देता येणं) न लिहिताच बाहेर पाझरतं. हे कसलं लपवणं?

गंजलेला_खिळा

घ्या! हेच तर म्हणतोय.

अनामिक

काय घ्या? तुमच्या नावाच्या स्ट्रक्टच्या खासगी फील्डमध्ये आरसी टाका आणि तेच थ्रेड स्पॉन करून बघा. सेंडसारखे ऑटो ट्रेट तिथूनही तितकेच पाझरतात. नाव दिल्याने गळती थांबत नाही.

गंजलेला_खिळा

हं. ठीक. पाझरतात. पण माझ्या स्ट्रक्टला डॉक्समध्ये स्वतःचं पान असतं, तिथे ऑटो ट्रेट्सचा विभाग असतो, सेंड आहे की नाही ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. तुमच्या इम्पलला पान कुठाय? वापरून बघा आणि ठेच खा.

जावाकाका

पोरांनो, इंटरफेस परत करा आणि विषय संपवा. आम्ही उभी हयात लिस्ट परत केली. आत ॲरेलिस्ट आहे की आणखी काय, कुणी विचारलं नाही.

अनामिक

काका, तेच आमचं बॉक्स डिन. तुमच्याकडे सगळ्याच वस्तू हीपवर, म्हणून तुम्हाला त्याची किंमत दिसत नाही.

जावाकाका

मग करा की बॉक्स. असं किती जातं?

टोकियो_रिटर्न

काकांनी नकळत दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. इटरेटरला निदान पर्याय तरी आहे, हाताने लिहिता येतो. फ्यूचरचं (असिंक कोडच्या नंतर मिळणाऱ्या उत्तराचं) काय करता? असिंक ब्लॉकच्या टाइपला नाव नाही, आणि कुणी देऊही शकत नाही. टॉवर या लायब्ररीच्या सर्व्हिस ट्रेटमध्ये फ्यूचर नावाचा असोसिएटेड टाइप आहे, तिथे काहीतरी लिहावंच लागतं. म्हणून जग लिहितं पिन बॉक्स डिन फ्यूचर अधिक सेंड (पिन म्हणजे मेमरीत जागेवरून न हलण्याची हमी). ती ओळ आता मला झोपेत पाठ येते. नाहीतर पोल (फ्यूचर पुढे सरकवणारी मेथड) स्वतः लिहा, पिन प्रोजेक्शनशी झटापट करा आणि नव्या माणसाला ते समजावत बसा.

असिंक-अवेट आलं १.३९ मध्ये, नोव्हेंबर २०१९. ट्रेटमध्ये असिंक फंक्शन लिहिता यायला १.७५ उजाडली, डिसेंबर २०२३. चार वर्षं! आणि आलं तेही अर्धं. त्या ट्रेटचं डिन होत नाही. परत येणारं फ्यूचर सेंड असलंच पाहिजे ही अट वापरणाऱ्याला बाहेरून घालता येत नाही, कारण घालायची कुणाला? नावच नाही. पब्लिक ट्रेटमध्ये लिहिलं तर कंपायलर स्वतःच लिंट (इशारा) काढून 'बाबा, हे नको' म्हणतो. तुम्ही इथे इटरेटरवर हमरीतुमरी करताय, आमच्याकडे निम्मा कोडबेस निनावी आहे.

सीप्लसप्लस_पीडित

मग ट्रेटमध्ये असिंक न लिहिता इम्पल फ्यूचर अधिक सेंड असं लिहा. अंमलबजावणीत असिंक चालतं की.

टोकियो_रिटर्न

लिहिलं. दुसऱ्याच आठवड्यात एका थ्रेडवर सगळं चालवणारी टीम दारात उभी. त्यांच्या आत आरसी. म्हणे आमच्यावर सेंडची सक्ती का? मग दोन ट्रेट, एक सेंडवाला, एक बिनसेंडचा, आणि मध्ये ते जुळवणारा मॅक्रो. आता कुठलाही ट्रेट बघितला की लोक आधी विचारतात, हा थोरला की धाकटा?

अनामिक

त्यासाठीच तर असिंक-ट्रेट क्रेट आहे. एक बॉक्स होतो, होऊ दे. डेटाबेसला जाऊन यायला मिलिसेकंद लागतात, बॉक्सला नॅनोसेकंद.

टोकियो_रिटर्न

वा! वर साइझ-हिंटसाठी गळा काढत होतात, व्हेक्टर दोनदा वाढला तर जीव कासावीस, आणि इथे बॉक्स चालतो?

अनामिक

दर घटकामागे पडणारा खर्च आणि दर रिक्वेस्टमागे पडणारा खर्च यांतला फरक कळत नसेल तर चर्चेत अर्थ नाही.

टोकियो_रिटर्न

दर रिक्वेस्टमागे एक? ऑथ, लॉगिंग, रेट लिमिट, टाइमआउट, रिट्राय. दर थराला आपापला बॉक्स. मोजा. आणि बॅकट्रेस (कुठलं फंक्शन कुठून बोलावलं याची यादी) उघडा कधीतरी. प्रत्येक असिंक फंक्शनच्या शेपटीला 'क्लोजर', त्याखाली अजून एक 'क्लोजर'. रात्री दोनला पेजर वाजतो तेव्हा निनावीपणाचं सौंदर्य कळतं. लोड असलेली सर्व्हिस चालवलीये का कधी, की नुसते ब्लॉग वाचून प्रतिसाद?

अनामिक

मी काय चालवतो ते इथे सांगायला बांधील नाही. तुमच्या बॅकट्रेसमध्ये असिंक फंक्शनचं स्वतःचं नाव क्लोजरच्या आधी स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचायचे कष्ट घ्या.

टोकियो_रिटर्न

रात्री दोनला कष्ट घेणारा मीच असतो, तुम्ही नाही.

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. धागा रिटर्न टाइपबद्दल आहे.

गंजलेला_खिळा

तेच म्हणतो. फ्यूचरचा वेगळा धागा काढा. इटरेटरवर या.

बॉरो_चेकरची_सून

फ्यूचरचा वेगळा धागा कशाला, ही एकच गोष्ट आहे. टोकियोंचं पटतंय मला. आमच्याकडे हाताखाली आलेली मुलगी हुशार आहे, बॉरो चेकरशी (कंपायलरच्या उधारी तपासणाऱ्या भागाशी) आठवड्याभरात गट्टी केली तिने. अडली कुठे, तर एका मॅपमध्ये (की-व्हॅल्यूच्या तक्त्यात) दोन हँडलर ठेवायचे होते. दोन्ही असिंक फंक्शनं, सिग्नेचर शब्दशः सारखं, आणि कंपायलर म्हणतो टाइप वेगळे. "ताई, दोन्ही सारखीच तर दिसतायत!" काय सांगू तिला? सांगितलं, बॉक्स कर. तिने विचारलं का, मी म्हटलं जेवून ये, मग सांगते.

टोकियो_रिटर्न

आणि ते सांगितल्यावर पिन का, हा पुढचा प्रश्न येतो. मग चहा.

जावाकाका

म्हणजे शेवटी बॉक्सच ना? मी पहिल्या फटक्यात सांगितलं होतं.

अनामिक

काका, एकच गोष्ट पाचदा सांगितल्याने बरोबर होत नाही. हँडलरच्या मॅपसाठी बॉक्स बरोबर आहे, तिथे वेगवेगळ्या गोष्टी एका पिशवीत घालायच्यात. दर फंक्शनाला बॉक्स ही अंधश्रद्धा आहे.

नवा_गडी

नमस्कार. आतापर्यंत वाचनमात्र होतो. पहिलंच क्रेट लिहितोय. लॉगमधल्या ओळी गाळून देणारं फंक्शन आहे. इम्पल इटरेटर लिहिलं. फ्लॅग असेल तर फिल्टर लावलेला इटरेटर देतो, नसेल तर तसाच. कंपायलर म्हणतो इफ आणि एल्सचे टाइप जुळत नाहीत. दोन्हीकडे इटरेटरच आहे ना? जरा इस्कटून सांगाल का?

अनामिक

इम्पल इटरेटर म्हणजे 'कुठलाही इटरेटर' नव्हे, 'एकच ठरावीक इटरेटर, ज्याचं नाव मी सांगत नाही'. तुझ्या इफमध्ये फिल्टर आहे, एल्समध्ये लाइन्स. दोन टाइप झाले. इथे फिल्टर कायम लाव आणि क्लोजरच्या आतच फ्लॅग तपास, दोन्ही वाटा एक होतील. दुसरीकडे कुठे हेच अडलं तर दोन टाइप एकात घालणारं आयदर नावाचं क्रेट आहे.

गंजलेला_खिळा

किंवा एक स्ट्रक्ट कर, आत फ्लॅग ठेव, नेक्स्ट लिही. उद्या कुणी ते फील्डमध्ये ठेवायला मागेल तेव्हा माझी आठवण येईल.

जावाकाका

व्हेक्टर परत दे आणि घरी जा.

टोकियो_रिटर्न

फाइल असिंक वाचतोयस का? तसं असेल तर स्ट्रीम (असिंक इटरेटर) लागेल, आणि मग आपल्याला पुन्हा बोलावं लागेल.

बॉरो_चेकरची_सून

काकांना +१. खरंच. लॉग लहान असेल तर व्हेक्टर दे. नाव आहे, उलटा फिरतो, लांबी सांगतो, फील्डमध्ये मावतो, एडिशन बदलली तरी ढिम्म हलत नाही. खिळेसाहेबांच्या सगळ्या मागण्या एका व्हेक्टरात पूर्ण.

अनामिक

आणि लॉग चाळीस जीबीचा निघाला की?

बॉरो_चेकरची_सून

तेव्हा तो ग्रेप वापरेल, आपल्या सगळ्यांसारखा.

नवा_गडी

धन्यवाद सर्वांना. क्लोजरच्या आत फ्लॅग तपासला, चाललं. आता कंपायलर मूव्ह लिहायला सांगतोय, ते लिहिलं. पब्लिक ठेवू की नको हे अजून कळलेलं नाही.

गंजलेला_खिळा

पब्लिक ठेवलंस तर निदान डबल-एंडेड तरी सिग्नेचरमध्ये लिही. लाइन्स उलटा फिरतो, फिल्टर लावला तरी फिरतो. लॉग बघणारा माणूस शेवटची ओळच आधी मागतो. एवढं केलंस तर इम्पल लिहिल्याबद्दल मी काही बोलणार नाही. या धाग्यात तरी.

अनामिक

ऐका, ऐका! खिळेसाहेबांच्या लेखणीतून इम्पल पास झालं. तारीख लिहून ठेवा. बदल्यात मीही म्हणतो की चार्सवरच्या ॲज-स्ट्रला माझ्याकडे उत्तर नाही. इटरेटरला स्वतःच्या मेथड लागत असतील तर स्ट्रक्ट हवंच. असे इटरेटर शंभरात दोन असतात, पण असतात.

आणि तुमच्या क्रेटला पीआर (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) पाठवलाय. साइझ-हिंट आणि फोल्ड.

गंजलेला_खिळा

पाहिला. फोल्डला टेस्ट नाही. शिवाय फॉरमॅट न करता पाठवलाय, सीआय (आपोआप होणारी तपासणी) लाल आहे. दुरुस्त करा, मग बघतो.

बॉरो_चेकरची_सून

सहज विचारते, तुमचं क्रेट कुठल्या एडिशनवर आहे?

गंजलेला_खिळा

२०१८. काय म्हणणं आहे?